संरक्षित वने आणि खाजगी भागीदारी : लातूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत वनक्षेत्र अत्यल्प आहे, त्यांत लातूरचा क्रम अगदी अखेरीस लागतो. जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्रापैकी एक टक्का भूमीही वनाच्छादित नाही. १९५२ च्या आणि पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वने असावीत असे उद्दिष्ट मांडले. त्या उद्दिष्टाचा लातूरशी मेळ घालू पाहिल्यास हाती निराशाच येते. शासकीय तरतुदीतून हे अंतर भरून निघणे कठीण; तेव्हा उद्योगसंस्थांचे भांडवल आणि व्यवस्थापनकौशल्य वनांच्या कामी आणावे, असा विचार गेल्या काही दशकांत वेळोवेळी पुढे आला. या विचारास ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ असे नाव मिळाले आहे.

या भागीदारीविषयीची चर्चा बहुधा भांडवलाच्या प्रश्नाभोवती फिरते. किती निधी येईल, किती रोपे लागतील, हे त्यात हिरिरीने मांडले जाते. वनातील गवतावर व जळणावर ज्यांचा निर्वाह अवलंबून आहे, त्यांना करारात कोणते स्थान आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. लातूरसारख्या जिल्ह्यात भागीदारीचे यशापयश या दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून राहते. त्याची कारणे कायद्यात, इतिहासात आणि येथील शेतीच्या रचनेत शोधावी लागतात.

‘संरक्षित’ या संज्ञेचा अर्थ

व्यवहारात ‘संरक्षित वन’ म्हणजे कडक बंदोबस्तातील वन असे समजले जाते. कायद्यातील अर्थ जवळजवळ याच्या उलट आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ याने शासकीय वनांचे प्रामुख्याने दोन वर्ग केले. राखीव वनांत जे स्पष्टपणे अनुज्ञेय केलेले नाही ते सारे निषिद्ध असते. संरक्षित वनांत जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही ते अनुज्ञेय असते. अधिनियमाच्या कलम २९ अन्वये एखादी भूमी संरक्षित वन म्हणून घोषित करताना तीवरील शासनाच्या व खाजगी व्यक्तींच्या हक्कांची चौकशी करून त्यांची नोंद करणे अपेक्षित आहे. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी तातडीने घोषणा करावी लागली, तरी तीमुळे विद्यमान हक्कांचा संकोच होऊ नये, असेही तेथे म्हटले आहे.

कलम ३० मधील तरतूद या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. शासनाला संरक्षित वनाचा एखादा भाग तीस वर्षांपर्यंत बंद करता येतो. परंतु उरलेला भाग हक्कदारांच्या गरजांना पुरेसा आणि त्यांना सोयीचा असला पाहिजे, अशी अट त्यास जोडलेली आहे. वसाहतकालीन कायद्यानेही चराईबंदीचे क्षेत्र ठरवताना आधी गावाच्या गरजेचे माप घ्यावयास सांगितले होते, ही गोष्ट भागीदारीचे आधुनिक मसुदे वाचताना ध्यानात ठेवावी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने हा याहून वेगळा वर्ग होय. नांदेड-यवतमाळ सीमेवरील पैनगंगा अभयारण्य किंवा धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्य ही त्याची मराठवाड्यातील उदाहरणे. दोन्ही वर्गांना मराठीत ‘संरक्षित’ हेच विशेषण लावले जात असल्यामुळे पुष्कळदा गोंधळ होतो.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि तेथे वनांसाठी वेगळा कायदा होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर एकीकरणाच्या कायद्याने १९२७ चा अधिनियम येथेही लागू झाला. लातूर हा जिल्हा उस्मानाबादमधून १९८२ मध्ये वेगळा निघाला. यास्तव येथील एखाद्या वनखंडावरील जुन्या हक्कांचा माग काढावयाचा, तर अभ्यासकाला तीन राजवटींची आणि दोन जिल्ह्यांची दप्तरे चाळावी लागतात. कराराच्या नकाशावर ‘निर्वेध भूमी’ म्हणून दाखविलेला तुकडा प्रत्यक्षात निर्वेध असेलच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

भागीदारीचा पूर्वेतिहास

वन शासनाचे आणि व्यवहार खाजगी हाती, ही रचना नवी नाही. इमारती लाकडाची कूपे लिलावाने ठेकेदारास देण्याची पद्धत ब्रिटिश अमदानीत रूढ होती. ठेकेदार भांडवल घाली, शासन स्वामित्वशुल्क घेई, आणि तोडीचे श्रम करणाऱ्या आदिवासींच्या वाट्यास अपुरी मजुरी येई. ही स्थिती पालटण्यासाठी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघू लागल्या आणि कूपांची कामे ठेकेदारांऐवजी त्यांच्याकडे सोपविण्याचे धोरण आले. तेंदूपानांच्या बाबतीत १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापाराचे विनियमन) अधिनियमाने शासनाची मक्तेदारी प्रस्थापित केली; तथापि प्रत्यक्ष संकलन व खरेदी निविदा भरणाऱ्या खाजगी व्यापाऱ्यांमार्फतच होत राहिली.

गडचिरोली जिल्ह्यातील बांबूचा इतिहास याहून बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बांबूतोडीचा दीर्घ मुदतीचा अधिकार बल्लारपूर येथील कागदगिरणीकडे होता. गिरणीला कच्चा माल, शासनाला महसूल आणि गावाला मजुरी अशी ती वाटणी होती. मेंढा (लेखा) या गावाने या वाटणीस हरकत घेतली. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबूचा विक्रेता गाव झाला आणि व्यापारी केवळ ग्राहक उरला. खाजगी घटक येथेही नाहीसा झाला नाही. त्याची जागा बदलली. भागीदारीचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो.

कर्नाटकातील एक फसलेला करार

अवनत भूमीवर उद्योगाच्या भांडवलाने वनीकरण करण्याचा भारतातील एक मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या सीमेलगतच झाला. १९८४ मध्ये कर्नाटकात एक संयुक्त कंपनी स्थापन झाली. तीत राज्याच्या वनविकास महामंडळाचे भाग ५१ टक्के आणि हरिहर येथील एका कृत्रिम धागा कारखान्याचे ४९ टक्के होते. धारवाड, शिमोगा आदी जिल्ह्यांतील सुमारे ३०,००० हेक्टर भूमीवर निलगिरीची लागवड करून तिचे लाकूड लगद्यासाठी वापरावयाचे, असा तिचा उद्देश होता. ही भूमी सरकारदप्तरी अवनत होती. गावकऱ्यांच्या लेखी ती चराईची आणि जळणाची भूमी होती.

गावकऱ्यांनी आणि समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ज्येष्ठ कन्नड साहित्यिक शिवराम कारंत हेही अर्जदारांत होते. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे निलगिरीची रोपे उपटून त्यांच्या जागी गावाच्या उपयोगाची झाडे लावण्याचा सत्याग्रह झाला. १९९१ मध्ये ही कंपनी गुंडाळण्यात आली. तिच्या अपयशाचे कारण भांडवलाच्या किंवा तंत्राच्या उणिवेत सापडत नाही. शासन आणि उद्योग यांनी आपापसांत भाग वाटून घेतले. भूमीचा प्रत्यक्ष उपभोग घेणारा तिसरा पक्ष त्या वाटपात नव्हता.

व्यवस्थापन सोपविण्याचे आफ्रिकी उदाहरण

भागीदारीचा दुसरा प्रकार उत्पादनाऐवजी व्यवस्थापनाचा असतो. आफ्रिकेत २००० साली स्थापन झालेली आफ्रिकन पार्क्स ही संस्था शासनांशी दीर्घ मुदतीचे करार करून राष्ट्रीय उद्यानांचा संपूर्ण कारभार हाती घेते. मलावीतील माजेते हे वन्यजीवशून्य झालेले अभयारण्य तिने २००३ मध्ये घेतले आणि तेथे गेंडा, हत्ती, सिंह आदी प्राणी पुन्हा आणले. याच संस्थेने इथिओपियातील नेचिसार उद्यानातून मात्र २००८ मध्ये माघार घेतली. त्या उद्यानाच्या सीमेत गुजी आणि कोरे लोकांची वस्ती व चराई होती आणि तिचा निवाडा शासनाने केलेला नव्हता. संस्था तीच, कार्यपद्धती तीच. फरक होता तो भूमीवरील मानवी हक्कांच्या स्थितीत.

भारतात अशा रीतीने संपूर्ण व्यवस्थापन सोपविणे सोपे नाही. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० मध्ये १९८८ साली झालेल्या दुरुस्तीने वनभूमी खाजगी व्यक्तीस वा संस्थेस भाडेपट्ट्याने अथवा अन्यथा देण्यापूर्वी केंद्र शासनाची अनुमती आवश्यक ठरली. १९८८ च्या वननीतीनेही नैसर्गिक वने लागवडीसाठी उद्योगांना देऊ नयेत असे सांगून, उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून त्यांच्या भूमीवर निर्माण करावा, असा मार्ग दाखविला. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील लोदगा येथून पाशा पटेल यांनी चालविलेली बांबूलागवडीची मोहीम याच दुसऱ्या मार्गावरील आहे. वनेतर भूमीवरील बांबू २०१७ मध्ये कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्याने हा मार्ग अधिक सुकर झाला. शेतकऱ्याच्या बांधावरील भागीदारी आणि वनभूमीवरील भागीदारी या दोहोंची गल्लत मात्र होऊ नये. पहिलीत भूमीचा मालक स्वतः करार करतो. दुसरीत तो शासन करते आणि त्याचे परिणाम गावाला भोगावे लागतात.

आजची साधने

सध्या वनभूमीवर खाजगी निधी येण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामी लावावयाची असते, आणि पर्यावरणाचे रक्षण हे त्यांतील एक मान्य काम आहे. दुसरा मार्ग केंद्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा. त्यांनुसार ४० टक्क्यांपर्यंत वितान-घनता असलेली अवनत वने खाजगी सहभागाने वनीकरणासाठी घेण्याची कल्पना मांडली गेली आणि स्थानिकांच्या गौण वनोपजासाठी १० ते १५ टक्के क्षेत्र ठेवावे असे सुचविले गेले. तिसरा मार्ग २०२३ च्या हरित पत नियमांचा. संस्थेने अवनत वनभूमीवरील लागवडीचा खर्च द्यावा, लागवड वनविभागाने करावी आणि संस्थेस हरित पत मिळावी, अशी ती योजना आहे.

या साधनांतील मोजमापाची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. हरित पतीसाठी २०२४ मध्ये ठरलेले माप झाडांच्या संख्येवर आधारलेले होते : प्रतिझाड एक पत आणि हेक्टरी किमान १,१०० झाडे. २०२५ मध्ये ते बदलून पाच वर्षांनी आढळणाऱ्या वितान-घनतेशी जोडण्यात आले आणि ४० टक्क्यांची किमान मर्यादा घालण्यात आली. लावलेल्या रोपांऐवजी जगलेल्या झाडांचा विचार होऊ लागला ही सुधारणाच होय. तरीही दोन्ही मापांत वनाची किंमत वृक्षांवरूनच ठरते आणि गवताची गणना कोठेही होत नाही. लातूरच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

लातूरची वनभूमी आणि गवत

बालाघाटच्या रांगांच्या माथ्यावर आणि उतारांवर जी थोडी वनभूमी लातूर जिल्ह्यात उरली आहे ती बसाल्टी खडकाची, उथळ मुरमाड मातीची आहे. तेथे बाभूळ, हिवर, खैर, बोर, पळस, सीताफळ ही झाडे विरळ असतात आणि त्यांच्यामध्ये गवत असते. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. त्याची संपत्ती उंच वृक्षांत नसून झुडपांत आणि पावसाळी वनस्पतींत आहे. वितान-घनतेच्या पट्टीने मोजल्यास ही भूमी ‘अवनत’ ठरते. वास्तविक तिचा बराच भाग मुळातच काटेरी वन व माळरान या स्वरूपाचा आहे. धाराशिवपलीकडे सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य आहे. त्या पक्ष्याला मोकळे माळरान लागते. दाट लागवड ही त्याच्या दृष्टीने अधिवासाची हानीच होय.

गवताचे महत्त्व गेल्या काही दशकांत वाढले आहे. जिल्ह्यातील ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि खरिपात सोयाबीनने तिची जागा घेतली. ज्वारीपासून धान्याबरोबर कडबा मिळे. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. ज्या शेतकऱ्याकडे भूमी आहे तो चारा विकत घेऊ शकतो. ज्याच्याकडे दोन शेळ्या व एक गाय एवढेच धन आहे, त्या भूमिहीनाला माळाखेरीज आश्रय नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याची नोंद देशभर झाली. पाण्याबरोबर चाऱ्याचाही दुष्काळ असतो आणि त्यात माळाच्या गवताचे मोल सर्वांत अधिक असते, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली.

येथे गायरानाचा प्रश्नही जोडला जातो. १९५३ पासून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि मराठवाड्यातील अनेक दलित कुटुंबांनी पडीक व गायरान भूमी कसावयास घेतली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९१ मध्ये घेतला. परंतु निर्णय होणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे यांत पुष्कळ अंतर असते. लागवडीसाठी भूमी शोधताना ती ‘रिकामी’ म्हणून निवडली गेली, तर पहिला फटका बसतो तो अशाच कुटुंबांना. वनहक्क अधिनियमाचा आधारही येथे दुबळा पडतो. लातूरमध्ये अनुसूचित क्षेत्र नाही, आणि आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, निवास सिद्ध करावा लागतो. किनवट-माहूरच्या सागवनात राहणाऱ्या गोंड, कोलाम, आंध समाजांना जो कायदा हाताशी आहे, तो लातूरच्या मेंढपाळास व शेतमजुरास सहज उपलब्ध होत नाही. अशा स्थितीत त्यांच्या हक्काला मिळू शकणारे लेखी स्थान म्हणजे भागीदारीचा करारच उरतो.

भूकंपोत्तर पुनर्वसनाचा दाखला

देणगीदार, शासन आणि गाव यांच्या भागीदारीचा मोठा अनुभव लातूर व धाराशिव जिल्ह्यांनी वनांबाहेर घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांतील अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेऊन बांधून दिली. घरे वेगाने उभी राहिली. परंतु सरळ रेषांतील दूरदूरच्या घरांत गोठा, बळद, शेजार यांना पूर्वीसारखी जागा राहिली नाही, अशी टीका पुढे झाली. याउलट, ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करावयाची होती, तेथे अर्थसाहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन शासनाने दिले आणि काम घरमालकाने स्वतः करून घेतले. त्या कार्यक्रमात दीड लाखाहून अधिक घरे मजबूत झाली आणि तो अधिक समाधानकारक ठरला, असा अभिप्राय अभ्यासकांनी दिला आहे.

वनीकरणास हा दाखला तंतोतंत लागू पडतो. रोपे लावणे हे घर बांधण्यासारखे अल्पमुदतीचे आणि दृश्य काम असल्याने त्यासाठी देणगीदार मिळतो. पुढील दहा-पंधरा वर्षे वणवा रोखणे, कुऱ्हाडबंदी पाळणे, गवत कापून नेण्याच्या पाळ्या ठरविणे, ही कामे अदृश्य आणि दैनंदिन असतात. ती करणारा त्या भूमीशेजारीच राहत असला पाहिजे.

कराराचे स्वरूप

संयुक्त वनव्यवस्थापनाचा उगम मानल्या जाणाऱ्या पश्चिम बंगालमधील आराबाडी येथे १९७२ मध्ये अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने हेच सूत्र वापरले. सुमारे १,२७२ हेक्टर सालवनाच्या रक्षणाच्या बदल्यात शेजारच्या ११ गावांतील कुटुंबांना रोजगार, जळण, चारा आणि अंतिम उत्पन्नात २५ टक्के वाटा देण्यात आला. केंद्र शासनाचे १ जून १९९० चे परिपत्रक आणि महाराष्ट्राचा १९९२ चा निर्णय याच परंपरेतले. आपल्या राज्यात धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या गावाने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली चारशेहून अधिक हेक्टर वन राखले, ते गावाने स्वतः ठरविलेल्या नियमांच्या बळावर. या उदाहरणांत खाजगी भांडवल मुळीच नव्हते किंवा अल्प होते, तरी वन वाढले. कर्नाटकात ते विपुल होते, तरी वन टिकले नाही. यावरून भांडवल निरुपयोगी ठरते असे नाही. रोपवाटिका, समतल चर, मृदसंधारण, जाळपट्टे यांसाठी पैसा लागतोच. परंतु भांडवल हे पूरक साधन असून रक्षणाची व्यवस्था हे मूळ आहे, एवढा निष्कर्ष निघतो.

लातूरच्या वनभूमीवरील कोणत्याही त्रिपक्षीय करारात यास्तव काही गोष्टी स्पष्टपणे नमूद होणे आवश्यक ठरते. पहिली, करारापूर्वी त्या भूमीवरील चराई, जळण, वाट, पाणी व वहिवाट यांची ग्रामसभेत नोंद व्हावी. १९२७ च्या अधिनियमाला अपेक्षित असलेली चौकशी ती हीच. दुसरी, बंद करावयाचे क्षेत्र गावाच्या चाऱ्याची गरज मोजून टप्प्याटप्प्याने ठरावे आणि कापून नेण्याच्या गवतावर गावाचा, त्यातही भूमिहीनांचा, अग्रहक्क लेखी असावा. तिसरी, कामाचे मूल्यमापन झाडांच्या संख्येबरोबर गवताचे उत्पादन, स्थानिक प्रजाती आणि ओढ्यातील पाण्याचा टिकाव यांवरून व्हावे. चौथी, देणगीदाराच्या निधीचा काही भाग लागवडीनंतरच्या राखणदारीसाठी राखून ठेवावा. पाचवी, करार संपल्यावर भूमीचे व्यवस्थापन कोणाकडे जाईल हे आरंभीच ठरलेले असावे.

यांतील बहुतेक अटी उद्योगसंस्थेस जाचक वाटण्याचे कारण नाही. लावलेली झाडे जगावीत हे तिच्याही हिताचे आहे. अडचण आहे ती शासकीय यंत्रणेच्या सवयीत. आजवर ती संरक्षित वनाकडे राखीव वनाची दुय्यम प्रत म्हणून पाहत आली. कायद्याने मात्र या वर्गाला, हक्क असलेल्या लोकांसह राखावयाचे वन, अशी स्वतंत्र ओळख दिली होती. लातूरची वनभूमी थोडी आहे, आणि तिच्या प्रत्येक तुकड्याभोवती गावे आहेत. त्या गावांना वगळून केलेली भागीदारी येथे कुंपणाच्या आयुष्याएवढीच टिकेल.